चौदाव्या दिवसाचं काय?

आषाढात आमची जिजी, म्हणजे आजी, गेली. वय नेमकं किती, हे कुणालाच सांगता येईना. आधार कार्डावर एक जानेवारी ही जन्मतारीख आहे, पण ती कार्ड काढणाऱ्या पोरानं बसवलेली. तिचा स्वतःचा दाखला वेगळा होता. रझाकारांच्या भीतीनं आमच्या औसा भागातली बरीच घरं सोलापूरच्या हद्दीत पळाली, त्यात तिचं माहेरही होतं. "तवा धाकट्याला कडंवर घिऊन चालत व्हते मी," असं ती सांगायची. 1948 च्या आसपास भावाला कडेवर घेऊन चालणारी पोर म्हणजे आठ-दहा वर्षांची असणार. त्यावरून आम्ही पंच्याऐंशीच्या पुढं, नव्वदीच्या अलीकडं असं धरलं. मातीला पाच-सहा गावांची माणसं आली. आणि राख सावडून होते न होते तोच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला, तेरावं कसं करायचं?

तात्यांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं म्हणणं, म्हातारीचं सोनं झालं, पणतवंडं बघून गेली, तेव्हा कीर्तन आणि गावजेवण झालंच पाहिजे. पुण्यातल्या चुलतभावांचं म्हणणं, दोन-अडीच लाखांचा चुराडा कशाला, त्यापेक्षा शाळेला पंखे द्या, बांधावर झाडं लावा, तिच्या नावानं चार कपाटांचं का होईना वाचनालय काढा. एकानं गाडगेबाबांचा दाखला दिला, दुसऱ्यानं जनरीत सोडू नये म्हणून बजावलं. हा वाद काही आमच्याच घरचा नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर बसा, गेल्या दहा वर्षांत तो दर दोन-चार महिन्यांनी नव्यानं होतो. तेराव्याचं जेवण बंद करण्याचे ठराव गावागावांत होतात, काही पाळले जातात, काही पुढच्याच मयतीला मोडतात. एक बाजू परंपरेचं नाव घेते, दुसरी सुधारणेचं, आणि दोघीही पत्रावळीपलीकडं बघत नाहीत.

माझ्या मते हा सगळा वाद चुकीच्या दिवसाला चिकटून बसलाय. घरातल्या म्हाताऱ्या बाईची आठवण आपण कशी ठेवतो हे तेराव्याला ठरत नाही, चौदाव्याला ठरतं. जेवण घाला नाहीतर झाडं लावा. त्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा फार तर महिन्याभरात, तिच्या लेकींना गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. परंपरावाले नेतात तसे सुधारणावालेही नेतात. "आलीच आहेस तर उरकून टाकू, परत परत यायची दगदग नको." मग साडीचोळी, ओटी, डोळ्यांत पाणी. जिच्या फोटोला कालपर्यंत हार घातला, तिचं जमिनीशी असलेलं नातं एका कागदावर संपतं, आणि त्या दिवसाबद्दल ना पारावर कुणी भांडतं ना ग्रुपवर कुणी लिहितं. आठवणीचा प्रश्न खरा असेल तर तो तिथं विचारायला हवा.

आधी आठवण कशाची, ते बघू. चौकात लागलेल्या फ्लेक्सवर जिजीला 'त्यागमूर्ती', 'कष्टाळू माउली', 'मायेचा सागर' म्हटलं होतं. खाली सत्तावीस नावं, सगळी पुरुषांची, त्यात माझंही. या शब्दांतला एकही खोटा नाही, अडचण अशी की ते कुठल्याही म्हातारीला लागतात. ती काय करायची, तिला काय येत होतं, घर तिच्या कुठल्या निर्णयावर तरलं, याचा त्यात मागमूस नाही. आता मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माळवदाच्या आतल्या खोलीत तिची गाडग्यांची उतरंड होती. हुलगा, मटकी, कारळं, जवस, अंबाडी, गावरान तूर, एकेका गाडग्यात एकेक बी, राखेत घोळलेलं, वर निंबाचा वाळका पाला. मृग निघायच्या आधी ती प्रत्येक गाडग्यातले दहा दाणे काढायची, ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवायची आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फडकं सोडायची. आठ-नऊ दाण्यांना मोड आले तर बी चांगलं. सहा-सात आले तर पेरताना मूठ वाढवायची. त्याहून कमी आले तर ते बी दळायला, आणि शेजारणीकडून बदलून दुसरं आणायचं. कृषी खातं दरवर्षी मे महिन्यात गोणपाटावर शंभर दाणे ठेवून सोयाबीनची उगवण तपासा, सत्तरच्या वर उगवले तरच नेहमीच्या मापानं पेरा, असं सांगत फिरतं. ते हेच. 2020 च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन उगवलंच नाही म्हणून बोंब झाली, दुबार पेरण्या झाल्या, पंचनामे झाले. आमच्याकडं जिजीनं फडकं सोडून बघितलं होतं, दहातले चार. तात्या आधी चिडले, मग मुकाट्यानं बी बदलून आणलं. बियाण्याचा हा निर्णय साठ वर्षं त्या घरात तिच्या हातात होता. याला 'माया' म्हणायचं?

तिला अक्षरओळख नव्हती, तरी हिशेब होता. बळदाच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असायच्या. उभी रेघ म्हणजे पूर्ण रोज, आडवी म्हणजे अर्धा, खाली टिंब असलं की उचल दिलेली. खुरपणीला आलेल्या बायांचा पगार तिनं कधी चुकवला नाही आणि कुणाला जास्तही दिला नाही. (चिकट होती. तेही सांगायला हवं. नातवंडांना खाऊसाठी पैसे मागितले की आधी गोठा झाडून घ्यायची.) दिवाळीत घर पोतारताना त्या रेघा पुसल्या जायच्या आणि नव्या सालाची भिंत कोरी व्हायची. तिच्या हिशेबाचा तेवढाही कागद उरला नाही.

सरकारी कागदावर तिचं नाव पहिल्यांदा चढलं ते बहुधा बहात्तरच्या दुष्काळात. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं, त्याच्या मस्टरवर. पोराबाळांना सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो ज्वारी, आणि दिवसभर माती वाहून संध्याकाळी अंगठा. आजोबांना कामावर जायची लाज वाटे, एवढ्या जमिनीचा धनी खडी फोडायला कसा जाईल? जिजी गेली. शेतात काही नसताना घर तिच्या हजेरीवर चाललं, हे पुढं आजोबाही बोलून दाखवायचे. त्या कामांवर निम्म्याहून जास्त बायाच दिसत, असं त्या काळातली सगळीच माणसं सांगतात. त्याच कामांतून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची 'मागेल त्याला काम' ही कल्पना राज्यभर रुजली आणि 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. देशात पुढं 2005 साली जो कायदा आला त्याचं मूळ इथलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण टोपली कुणाच्या डोक्यावर होती ते सांगताना अडखळतो. जनगणनेचंही तेच. घरच्या शेतात बिनपगारी राबणं हेही कामच आहे, हे प्रश्नाच्या शब्दांतच स्पष्टपणे घालायला 1991 उजाडावं लागलं. तोवर कारकुनानं विचारायचं, "बाई काय करतात?" आणि ओसरीवरून उत्तर जायचं, "काही नाही, घरीच असते."

बाईचं काम पुसून तिचं पुण्य तेवढं ठेवायचं ही रीत जुनी आहे. अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षं राज्य चालवलं. महसूल, न्याय, फौज, तीर्थक्षेत्रांची बांधकामं, सगळ्याची वही त्यांच्या नजरेखालून जायची. आपल्या वेरुळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांचाच. पण डोळ्यांपुढं काय उभं राहतं? पांढरं लुगडं आणि तळहातावर शिवपिंडी. भक्ती होतीच, पण निव्वळ भक्तीवर अठ्ठावीस वर्षं राज्य चालत नाही. त्यांची तीनशेवी जयंती 2025 साली झाली, मराठवाड्याशेजारच्या अहमदनगर जिल्ह्याला त्यांचं नाव लागलं. त्या निमित्तानं झालेली जी भाषणं मी ऐकली त्यांत 'पुण्यश्लोक' शंभरदा आलं, त्यांनी लावलेल्या कराबद्दल एकदाही नाही. याच्या उलट उदाहरण आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंचं. दळण, कांडण, सडा, शेणी, धुणं असं घरातलं प्रत्येक काम त्यांनी अभंगात आणलं आणि देवालाच कामाला लावलं. सातशे वर्षांनी आज आपल्याला तेराव्या-चौदाव्या शतकातल्या घरकामाची यादी ठाऊक आहे ती एका दासीमुळं, कुठल्या राजाच्या दप्तरामुळं नाही. मात्र सही करताना त्यांनाही 'नामयाची' व्हावं लागलं. काम तिचं, आणि ओळख धन्याची.

इथं कुणी म्हणेल, नावाचाच प्रश्न असेल तर तो सुटत आलाय. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या लेकराच्या नावात बापाआधी आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्रानं घेतलाच की. चांगला निर्णय आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण हे काही आपण पहिल्यांदा करत नाही. पैठणहून राज्य करणारे सातवाहन दोन हजार वर्षांपूर्वी गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेत होते. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. राजाची आई आणि राजाची आजी म्हणून तिची ओळख तिथं कोरलीय, आणि लेणं दान दिल्याचीही नोंद आहे. दगडात कोरलेली एक आजी आपल्याकडं आहे ती अशी. मला तो लेख महत्त्वाचा वाटतो तो नावापेक्षा दानामुळं, कारण दान द्यायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. लेखातली बहुतेक जागा लेकाच्या पराक्रमानं व्यापलेली असली तरी देणारी म्हणून ती उभी आहे. आईचं नाव लावून तिच्या हातात काहीच न ठेवणं आपल्याला अवघड नाही. ते आपण फ्लेक्सवर रोज करतो.

आता विरोधातल्या बाजू. त्या हलक्या नाहीत, आणि आमच्याच घरात मी त्या सगळ्या ऐकल्या.

पहिली, जेवणाची. झाडं लावा म्हणणाऱ्या माझ्या भावांना एक गोष्ट दिसत नाही. तेराव्याचं जेवण हा नुसता डामडौल नसतो. तेरा दिवस ज्या शेजाऱ्यांनी आमच्या घरात चूल पेटू दिली नाही, पिठलं-भाकरीचे टोपले आणून दिले, पावसात लाकडं आणली, त्यांची ती परतफेड असते. गावात असे उपकार रोखीनं फेडता येत नाहीत, ते जेवूनच फिटतात. कर्ज काढून जेवण घालू नये हे शंभर टक्के खरं, पण ऐपतीप्रमाणं वरण-भात-शिरा वाढण्यात मला गैर दिसत नाही. आणि लावलेल्या झाडांचं म्हणाल तर आमच्या गावाच्या रस्त्यावर चार जणांच्या स्मरणार्थ लावलेली झाडं होती. लोखंडी पिंजरे उभे आहेत, पाट्याही आहेत, आत झाडं नाहीत. तर त्या वादात मी कुणाच्याच बाजूचा नाही. घरानं काय ते ठरवावं.

दुसरी बाजू जास्त टोचणारी. तात्या म्हणाले, "जिजीनं मायेनं केलं, तू त्याची मजुरी काढायलास. आईच्या दुधाचा हिशेब लावतो का कुणी?" पटकन उत्तर सुचत नाही, कारण यात सत्य आहे. घरात सगळं मापून घेतलं तर घर राहणार नाही. पण हिशेब नको हा नियम मग सगळ्यांना सारखा हवा. तात्यांना डीएडला घालायला आजोबांनी दीड एकर विकलं, त्याचा हिशेब आत्यांनी कधी मागितला नाही. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीसाठी काढलेलं कर्ज मात्र वाटणीच्या बोलण्यात दरवेळी येतं. म्हणजे पुरुषानं केलं की ते काम, बाईनं केलं की ती माया. आणि कामाला वाटा असतो, मायेला हार. जिजी स्वतः भिंतीवर रेघा ओढायची. मायेत आणि हिशेबात वैर आहे असं तिला तरी कधी वाटलं नाही.

तिसरी बाजू जमिनीच्या तुकड्यांची, आणि ती अगदी खरी आहे. 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणं महाराष्ट्रात सरासरी वहिवाट 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्यात लेकींची नावं घातली तर उरणार काय? पण विचार करा, दोन भाऊ चार एकर मोडून दोन-दोन करतात तेव्हा तुकड्यांची ही चिंता कुठं असते? तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, तो भावांनी कधी एकमेकांना वाचून दाखवलाय? तो आठवतो बहिणीचं नाव आलं की. शिवाय सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे लगेच बांध घालणं नव्हे. समाईकात नाव राहू शकतं, जमीन भाऊच कसू शकतो, बटईनं किंवा खंडानं. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये असोत की पीककर्ज, सरकारच्या दारात शेतकरी कोण, हे सातबारा ठरवतो. नाव नसलेली बाई आयुष्यभर खुरपूनही तिथं शेतकरी ठरत नाही. तिला लग्नात दिलंच की, असंही म्हणतात. दिलं ते सासऱ्याच्या हातात, तिच्या नव्हे. आणि 1961 सालापासून जे देणं गुन्हा आहे तेच वाट्यातून वळतं करायचं, हा कुठला न्याय?

हे शहरातून आलेलं खूळ आहे, असंही एका पाहुण्यानं ऐकवलं. त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की बायकोच्या नावानं जमीन करा, हे महाराष्ट्रात मोठ्यानं सांगितलं ते शेतकरी संघटनेनं. 1986 साली चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं, पुढं शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती' काढली. ज्या गावात शंभर जण बायकोचं नाव लावतील ते गाव लक्ष्मी मुक्त. 1992 साली शासनानंही नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता यावं असं परिपत्रक काढलं. 'हयातीतच' हा शब्द महत्त्वाचा. जिजीचं नाव सातबाऱ्यावर आलं ते 1984 साली, आजोबा गेल्यावर वारस म्हणून. बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं, आणि त्याच महिन्यात तलाठ्याकडं नाव चढलं. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच.) नवरा असताना जिनं बी निवडलं, मस्टरवर अंगठे दिले, ती मालकीण झाली ती विधवा झाल्यावर. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवांच्या या प्रथा ग्रामसभेत ठराव करून बंद केल्या आणि सरकारनं तो ठराव इतर गावांपुढं ठेवला. प्रथा ठरावानं बदलतात, हे त्या गावानं दाखवलं. मग तेराव्याचं जेवण बंद करायला ग्रामसभा भरते, तर हक्कसोड बंद करायला का भरू नये? निदान मयतीनंतर वर्षभर कुठल्याही लेकीकडून सही घ्यायची नाही, एवढा तरी ठराव एखाद्या गावानं करून बघावा.

चौथी बाजू सगळ्यात अवघड, कारण ती आत्याच मांडतात. "वाटा घेतला तर माहेर तुटतं." याला कायद्याची कलमं दाखवून उत्तर देता येत नाही. तशी कलमं साधी आहेत. बारा एकरांवर जिजी आणि दोन लेकांची नावं होती. जिजीचा तिसरा हिस्सा, चार एकर. बाई मृत्युपत्र न करता गेली की तिचं जे असेल ते लेक-लेकींना सारखं, हे 1956 सालच्या हिंदू वारसा कायद्यात आहे, नव्या कुठल्या दुरुस्तीची गरजच नाही. पाच लेकरं, म्हणजे प्रत्येकी बत्तीस गुंठे. (खरं तर 1984 सालीच आत्यांची नावंही लागायला हवी होती. ती का लागली नाहीत हा हिशेब काढला तर बत्तीस गुंठ्यांवर भागत नाही. इथं मी फक्त जिजीच्या वाट्याचं बोलतोय.) पण बत्तीस गुंठ्यांपेक्षा माहेर मोठं, दिवाळीला येणारा भाऊ मोठा, नवऱ्यानं हाकललं तर उघडं राहणारं दार मोठं, असं बाई म्हणते तेव्हा ती अडाणीपणानं बोलत नसते. तिनं जग बघितलेलं असतं.

जिजीनंही हेच केलं होतं. भावाला हक्क सोडून दिला, अंगठा दिला. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "त्येच्या दारात तांब्याभर पाणी प्यायला जागा ऱ्हावी म्हनून." तिच्या माहेरच्या विहिरीवर गोटी आंब्याचं झाड होतं. भाऊ होता तोवर दर वैशाखात एक पोतं यायचं, लेकीचा वाटा म्हणून. पोतं आलं की ती आधी त्याचा वास घ्यायची, मग सोडायची. भाऊ वारला त्या वर्षीही आलं. पुढच्या वर्षी अर्धं. त्यानंतर भाच्यानं झाड तोडून बोअर घेतला. भाचा वाईट नव्हता, जिजीच्या मातीलाही आला होता. पण ज्या माहेरासाठी तिनं जमीन सोडली ते एका माणसाच्या जिवाला बांधलेलं होतं, आणि तो माणूस गेल्यावर तिच्याकडं ना झाड राहिलं ना कागद. माहेर टिकवायला हक्क सोडावा लागतो असं म्हणणाऱ्यांनी पुढच्या पिढीत ते माहेर टिकतं का, हेही बघावं. बहिणीनं वाटा मागितला म्हणून जे नातं तुटतं ते आधी कशावर उभं होतं? आणि तोडलं कुणी, मागणारीनं की नाही म्हणणाऱ्यानं?

शेवटी उरतं ते, "जिजीला हे आवडलं नसतं." असेलही. शेवटच्या वर्षात ती सारखी म्हणायची, "माझ्या माघारी भांडू नका रे." तात्या ते वाक्य आता प्रत्येक बैठकीत काढतात. पण तीन बहिणी गप्प बसल्या म्हणजे भांडण झालं नाही असं होत नाही. एकच बाजू बोलली, एवढंच. मेलेल्या माणसाची इच्छा सांगणारा बहुतेक वेळा त्या इच्छेचा लाभार्थी असतो, हे मी स्वतःलाही लावून घेतो. आत्यांनी सह्या केल्या तर अण्णांच्या वाट्याला जिजीच्या चार एकरांतले दोन येतात, नाही केल्या तर बत्तीस गुंठे. म्हणजे या लेखात मी माझ्याच घराची सव्वा एकराच्या आसपास जमीन घालवायला निघालोय. आणि मी काही पहिल्यापासून शहाणा नव्हतो. चौदाव्या दिवशी तालुक्याला गेलेली गाडी मीच चालवत होतो. तिन्ही आत्या मागच्या सीटवर, मधल्या आत्यांच्या मांडीवर आधारच्या झेरॉक्सची पिशवी. थोरल्या आत्या रस्ताभर एकच वाक्य बोलल्या, "एसी बंद कर बाबा, थंडी वाजायली." कार्यालयात सर्व्हर डाऊन होता. चार वाजेपर्यंत बसलो, चहा प्यालो, परत निघालो. माझं मत बदललं ते कुठल्या पुस्तकानं नाही. परतीच्या वाटेवर धाकट्या आत्यांनी विचारलं, "जिजीचं बी कुणाकडंय आता?" आणि गाडीत बसलेल्या चौघांपैकी कुणालाच उत्तर माहीत नव्हतं.

घरी येऊन बघितलं तर उतरंडीतली बहुतेक गाडगी माळवदाच्या गळतीत भिजली होती. तुरीला बुरशी. हुलगा आणि कारळं तेवढं वाचलं. धाकट्या आत्यांनी ते दोन्ही लुगड्याच्या पदरात बांधलं आणि कुणाला न विचारता नेलं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, यंदा तिघीही आल्या. कडब्याची कोप केली, भज्जी आणि उंडे झाले, पांडव पुजले. अंबिलाचा बिंदगा घेऊन शेताला फेरी मारताना धाकट्या आत्या शाळूत मध्येच थांबल्या आणि तात्यांना म्हणाल्या, "दादा, माझे बत्तीस गुंठे म्हंजी कुठनं कुठवर व्हतील रं?" तात्या काही बोलले नाहीत. थोरल्या आत्यांनी सही करायचीच असं ठरवलंय, मधल्यांचं अजून ठरत नाही. झेरॉक्सची पिशवी माझ्या गाडीतच आहे, गिअरजवळच्या कप्प्यात.